हिम मोजावे कसे?



वैशाखातल्या संध्याकाळी हिमाविषयी बोलायला उभा राहणारा माणूस तुम्हांला गारवा देतो की तुमची परीक्षा पाहतो, हे तुम्हीच ठरवा. माझा विषय हिशेबाचा आहे. आकाशातून पडलेले हिम मोजायचे कसे आणि त्या मापावर विश्वास किती ठेवायचा, एवढाच तो प्रश्न.

पावसाचे माप आपल्या ओळखीचे आहे. पर्जन्यमापकात साठलेले पाणी रोज सकाळी साडेआठला मोजायचे, की झाले. हिम इतके सरळ वागत नाही. हातभर हिम पडले म्हणून पाणी किती, ते सांगता येत नाही. साधारणपणे १० सेंटीमीटर ताज्या हिमाचे १ सेंटीमीटर पाणी होते, असे मानतात. पण हिम कोरडे, पिसासारखे असेल तर पाणी निम्मेच निघेल आणि ओले असेल तर दुप्पट. शेताला आणि धरणाला हवे असते ते पाणी. म्हणून हिमाची उंची पुरत नाही. त्याचे वजन करावे लागते. त्यासाठी वजन घेणारी पात्रे आहेत. पात्रात न गोठणारे द्रव घालतात, हिम त्यात विरघळते आणि वाढलेले वजन आपोआप नोंदले जाते.

इथपर्यंत ठीक, पण इथेच वारा आडवा येतो. पात्र हा वाऱ्याच्या वाटेतला अडथळा. त्याच्या तोंडाशी वारा वर उसळतो आणि वेग घेतो. पावसाचा थेंब जड, तो बहुधा आत पडतो. हिमाचा कण हलका, तो वाऱ्याबरोबर पात्रावरून निघून जातो. दक्षिण नॉर्वेत हाउकेलिसेटर नावाचे, सुमारे १००० मीटर उंचीवरचे उघडे, वृक्षहीन पठार आहे. तिथे याची कसून परीक्षा झाली. मधोमध एक पात्र आणि त्याभोवती लाकडी पट्ट्यांची अष्टकोनी दुहेरी कुंपणे, बाहेरचे १२ मीटर व्यासाचे, आतले ४ मीटरचे. कुंपणांनी वारा मंदावतो, म्हणून आतल्या पात्राचे माप खऱ्याच्या सर्वांत जवळचे धरतात. बाहेरच्या साध्या पात्रांची तुलना त्याच्याशी केली, तेव्हा असे दिसले, की वारा सेकंदाला ७-८ मीटर झाला म्हणजे त्यांच्या पदरात तिसरा हिस्साही पडत नाही. जागतिक हवामान संघटनेने २०१२ नंतर निरनिराळ्या देशांत अशाच तुलना करविल्या. त्यांतून वाऱ्याचा वेग आणि हवेचे तापमान पाहून मापात किती भर घालावी, याची सूत्रे निघाली.

कोणी विचारील, आता रडार आहे, मग ही भांडीकुंडी कशाला? रडारची थोरवी मी नाकारीत नाही. पात्राचे तोंड असते सुमारे २०० चौरस सेंटीमीटर. रडार एका जागी बसून शेकडो किलोमीटरांचा मुलूख न्याहाळते. पण रडार पाणी मोजीत नाही. ते लहर सोडते आणि परत आलेली लहर किती जोरकस आहे, ते पाहते. थेंबाचा व्यास दुप्पट झाला, तर त्यातले पाणी ८ पट होते. परतणारी लहर मात्र ६४ पट होते. म्हणजे एक मोठा थेंब आणि ६४ लहान थेंब रडारला सारखेच. पाण्यात मात्र आठपटींचा फरक! त्यात हिमाच्या कणांचे आकार नाना तऱ्हेचे आणि तेवढ्याच पाण्याच्या थेंबापेक्षा बर्फाकडून परतणारी लहर सुमारे पाचपट क्षीण. तेच हिम वितळू लागून वर पाण्याचा लेप चढला, की लहर एकदम जोरकस होते आणि नसलेला पाऊस दिसू लागतो. शिवाय पृथ्वी गोल. अर्ध्या अंशाने वर सोडलेली लहर १०० किलोमीटरांवर सुमारे दीड किलोमीटर उंच गेलेली असते. हिमाचे ढग पुष्कळदा ठेंगणे, ते तिच्या खालीच राहतात. मध्ये डोंगर आला, तर त्यापलीकडे अंधार.

तेव्हा पात्राला जागा कळते, पण मुलूख कळत नाही. रडारला मुलूख कळतो, पण माप कळत नाही. म्हणून आधी वाऱ्याची चूक काढून पात्राचे माप शुद्ध करायचे, त्यावरून रडारचे आकडे ताळ्यावर आणायचे आणि मग दोन पात्रांमधला प्रदेश रडारकडून भरून घ्यायचा, अशी रीत आहे. पात्राची चूक तशीच राहिली, तर ती रडारमार्गे साऱ्या नकाशावर पसरते.

या चुकीचे परिणाम किती दूरवर जातात, पाहा. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर वर्षाव वाढल्याची नोंद झाली होती. नॉर्वेच्या दोघा संशोधकांनी २००० साली प्रश्न केला, की ही वाढ खरी की खोटी? हवा तापली, की हिमाऐवजी पाऊस पडतो आणि पाऊस पात्रात अधिक सापडतो. आकाशातून एक थेंबही जास्त न येता वहीतला आकडा वाढतो! त्यांनी वाऱ्याचा हिशेब केला, तेव्हा वाढीचा काही भाग असा आभासी असल्याचे दिसले. काही भाग खराच होता.

हे सारे दूरचे वाटेल. पण भाक्रा धरणात येणाऱ्या सतलजच्या पाण्यातला निम्म्याहून अधिक वाटा वितळलेल्या हिमाचा आणि हिमनद्यांचा आहे. पंजाब-हरियाणाचे कालवे त्यावर चालतात आणि तिथला गहू आपल्या ताटात येतो. हिमालयात मुक्तेश्वर आणि कुफरी येथे २०२१ साली नवी रडारे सुरू झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्या उंच दऱ्याखोऱ्यांत डोंगर लहर अडवणारच. म्हणून रडारसाठी जसा पैसा काढावा, तसा कड्यावरच्या पात्रांसाठी, त्यांच्या कुंपणांसाठी आणि हिवाळ्यात तिथवर चढून त्यांची निगा राखणाऱ्या माणसासाठीही काढला पाहिजे. त्या माणसाची नोंद चुकली, तर उन्हाळ्यात कालव्याला किती पाणी येणार, हा अंदाजही चुकेल.