वाचनाचा छंद व छंदांतील सुख
(महोत्सवाच्या सायंकाळच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं धर्मगुरु व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे देणग्यांचा हिशेब तरी निघणार किंवा उपदेश तरी ऐकावा लागणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. हिशेब चिटणीसांनीं आतांच वाचून दाखविला. उपदेश आम्ही सकाळीं मिस्सेच्या वेळीं केला. तेव्हां ह्या सायंकाळीं दोन घटका आपल्याशीं एका सुखाविषयीं बोलावें, असें आम्ही योजिलें आहे. तें सुख म्हणजे पुस्तकांत किंवा एखाद्या छंदांत गढून जाण्याचें.

"सध्यां काय वाचतां?" असें कोणी आम्हांस विचारिलें, तर उत्तर तयार आहे. आमच्या मेजावर सध्यां दोन पुस्तकें आहेत. एक फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचें 'ख्रिस्तपुराण'. दुसरें पक्षितज्ज्ञ सालिम अली ह्यांचें १९८५ सालीं प्रसिद्ध झालेलें आत्मचरित्र. एक वेदीजवळचें, तर दुसरें रानांतलें. परंतु दोहोंची गांठ एका ठिकाणीं पडते. दोन्ही ग्रंथकार आपल्या कामांत देहभान विसरणारे होते.

फादर स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज. इ. स. १५७९ मध्यें ते गोव्यास आले. पुढें त्यांनीं, जी आपली मायबोली नव्हे अशा मराठींत, दहा हजारांहून अधिक ओव्या रचिल्या व तो ग्रंथ १६१६ सालीं रायतूर येथें छापून निघाला. मराठी अक्षरांचे खिळे उपलब्ध नव्हते, म्हणून तो रोमन लिपींत छापावा लागला. १९५६ सालीं पुण्याहून निघालेल्या देवनागरी आवृत्तीमुळें तो पुनः आपल्या लोकांच्या हातीं आला. बंधुहो, केवळ कर्तव्य म्हणून कोणी दहा हजार ओव्या लिहीत नाहीं. भाषेची गोडी लागल्यावांचून परक्या भाषेंत यमक सुचत नसतें.

सालिम अलींची गोष्ट निराळी. १९३० च्या पावसाळ्यांत, हातीं नोकरी नसतां, ते अलिबागजवळच्या किहीम गांवीं राहिले व सुगरण पक्ष्यांची घरटीं दिवसामागून दिवस न्याहाळीत बसले. त्यांस काय आढळलें? नर अर्धें घरटें विणून ठेवितो. मादी येऊन तें पाहते. पसंत पडलें तर ती तेथें राहते व मग नर तें पुरें करितो. आणि तें पुरें होतें न होतें तोंच दुसऱ्या मादीसाठीं नवें विणूं लागतो! त्याच्या ह्या शेवटल्या गुणाचें अनुकरण कोणी करूं नये. परंतु आपल्या भाषेनें 'सुगरण' हें बायकी नांव ज्याला दिलें, त्याच्या घरट्याचें विणकाम पुरुष करितो, ही गोष्ट आमच्या भगिनींनीं आपापल्या यजमानांस अवश्य ऐकवावी. ज्यांचे हात रिकामे झाले होते, त्यांनीं डोळे रिकामे ठेविले नाहींत, म्हणून आपणांस हें कळलें.

कित्येक कष्टाळू माणसांस छंद म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो. त्यांच्यासाठीं कासियान ह्या प्राचीन मठवासी ग्रंथकारानें एक आख्यायिका सांगून ठेविली आहे. संत योहान एकदां एका तित्तिर पक्ष्याला प्रेमानें कुरवाळीत बसले होते. तें पाहून एका शिकाऱ्यास नवल वाटलें. एवढ्या थोर पुरुषानें असल्या क्षुल्लक गोष्टींत रमावें! संतांनीं त्यास विचारिलें, "हातांतलें धनुष्य तूं सदा ताणून कां ठेवीत नाहींस?" तो म्हणाला, "तसें केलें तर त्याचा जोर जाईल व ऐन वेळीं बाण दूर जाणार नाहीं." मनाचेंही तसेंच, असें संतांनीं त्यास सांगितलें.

येथें कोणी हुशार तरुण म्हणेल, "फादर, मग आम्ही मध्यरात्रीपर्यंत मोबाइलमध्यें डोकें घालून बसतों, तेही गढून जाणेंच नव्हे काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर लोयोलाच्या वाड्यांत एका रुग्णास सांपडलें. १५२१ सालीं पांप्लोनाच्या लढाईंत तोफेच्या गोळ्यानें इग्नेशियसचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यानें वीरांच्या अद्भुत कथा वाचावयास मागितल्या. घरांत तसलें एकही पुस्तक नव्हतें. होतीं तीं ख्रिस्तचरित्र व संतचरित्रें. नाइलाजानें त्यानें तींच हातीं घेतलीं, आणि तो त्यांत इतका रमला कीं, निवडक उतारे सुंदर अक्षरांत उतरून घेऊं लागला. प्रभूचीं वचनें तांबड्या शाईनें व मरियेचीं निळ्या शाईनें, अशीं सुमारें तीनशें पानें त्यानें भरलीं! त्या दिवसांत त्यास एक गोष्ट उमगली. शौर्याच्या व मानमरातबाच्या दिवास्वप्नांत रमतांना सुख होई, पण मागाहून मन कोरडें पडे. संतांच्या विचारांत रमल्यावर मागाहूनही प्रसन्नता टिकून राही.

हीच कसोटी आम्ही आपणांस देतों. गोडी खातांना कळते, पण पथ्य मागाहून कळतें. ज्या छंदांतून उठल्यावर डोळे जड, मन चिडखोर व घरचीं माणसें नकोशीं वाटतात, तो छंद नव्हे, व्यसन होय. ज्यांतून उठल्यावर शेजाऱ्याशीं दोन शब्द अधिक प्रेमानें बोलावेसे वाटतात, तो खरा छंद. मग तो वाचनाचा असो, बागेचा असो, व्हायोलिनचा असो वा मासे गळास लावण्याचा असो. मात्र घरांत कोणी आजारी असतां औषध आणावयाचें सोडून कादंबरीचें प्रकरण पुरें करीत बसणें, ह्यास कोणताही संत पाठिंबा देणार नाहीं.

शेवटीं, जी गोष्ट आमच्या मनाला फार लागून राहिली आहे ती सांगतों. आपलीं नातवंडें मराठी बोलतात, पण वाचतांना अडखळतात. आजीचें प्रार्थनेचें पुस्तक आजीमागें कोणी उघडीत नाहीं. ज्या भाषेसाठीं एका परदेशी माणसानें आयुष्य वेंचिलें, ती आपल्याच घरांत मुकी होऊं लागली आहे. मुलांस रागें भरून ही भाषा येणार नाहीं. जिथें वडील माणूस स्वतः पुस्तकांत रमलेलें दिसतें, तिथें मूल आपण होऊन डोकावतें.

म्हणून महोत्सवाची आठवण म्हणून एवढेंच मागतों. रात्रीं रोझरी आटोपली कीं, अर्धा तास घरांतले सर्व मोबाइल एका टोपलींत ठेवावे व कोणीतरी एकानें चार पानें मोठ्यानें वाचावीं. सभागृहांतील पुस्तकांचें कपाट येत्या रविवारपासून मिस्सेनंतर उघडें राहील. पुस्तकें फाटलीं तर आम्ही तीं आनंदानें चिकटवूं. न हाताळतां वाळवीनें खाल्लीं, तर मात्र आम्हांस फार दुःख होईल.

परमेश्वर आपणां सर्वांस निर्मळ सुख देवो.