चित्राखालचे नाव
(दारव्हा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



स्तूपांवर आणि पोथ्यांत जी धार्मिक चित्रे आढळतात, त्यांविषयी आज आपण विचार करणार आहोत. दारव्ह्यात बसून हा विषय दूरचा वाटेल. परंतु त्याचा मोठा पुरावा आपल्या विदर्भातच आहे.

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी हे गाव आहे. तेथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले आणि दोन हजार वर्षांहून जुना स्तूप उजेडात आला. स्तूप म्हणजे मुळात अस्थींवर उभारलेले स्मारक. त्या काळच्या शिल्पांत तथागतांची मूर्ती नसे. बोधिवृक्ष, धम्मचक्र, पाऊलखुणा आणि रिकामे आसन यांतूनच त्यांचे अस्तित्व दाखवीत.

पवनीच्या एका स्तंभावर रिकाम्या आसनावर फणा धरलेला नाग कोरला आहे. ज्ञानप्राप्तीनंतर भगवंतांना पावसापासून जपणारा हा मुचलिंद नाग होय. हे आपण खात्रीने म्हणू शकतो, कारण शिल्पकाराने त्याचे नाव तेथेच कोरून ठेवले. ते नाव नसते, तर कोणी त्याला नागपंचमीचा नाग समजून हळदकुंकू वाहिले असते.

इतर देशांतही असेच दिसते. रोमच्या भुयारी दफनभूमीत आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी मासा, जहाजाचा नांगर, मेंढपाळ ही चिन्हे काढली आणि मृतांची नावे कोरली. पुढे सहाव्या शतकात बायझंटाईन राज्यात जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने धर्मग्रंथ लिहून ते चित्रांनी सजविले गेले. तेथेच पुढे पूज्य चित्रे असावीत की नसावीत, यावर मोठा वाद झाला. शेवटी ८४३ मध्ये चित्रांच्या बाजूने निकाल लागला.

बौद्ध पोथ्यांतही चित्रे आली. नेपाळात १०१५ मध्ये लिहिलेली प्रज्ञापारमितेची एक ताडपत्री पोथी आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. तिच्यात ८५ चित्रे आहेत. चित्रांसोबत स्थळांची नावे लिहिली आहेत आणि त्यांत आपल्या कोकणातील चैत्यही आहेत. हजार वर्षांपूर्वी नेपाळातील लेखकाला कोकणचा चैत्य ठाऊक होता, हे आपल्याला त्या नावामुळेच कळते.

मावळातील भाजे लेणीत चौदा स्तूपांचा समूह आहे. त्यांतील काहींवर अंपिणिक, धम्मगिरी, संघदिन अशी थेरांची नावे कोरली आहेत. त्यांची दुसरी ओळख इतिहासाने जपली नाही. एवढी अक्षरे मात्र राहिली.

बंधू-भगिनींनो, आता आपल्या घराकडे वळू. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली. त्या दिवशी आपल्या खेड्यापाड्यांतून कोण पायी गेले, कोणी भाकरीची शिदोरी बांधली, हे सांगणारी माणसे एकेक करून निघून जात आहेत. पुण्यानुमोदनाला आपण फोटोला हार घालतो. पण फोटोमागे नाव, गाव आणि साल किती जण लिहितात? नातवंडांच्या हाती तो फोटो पडेल तेव्हा ती विचारतील, हे कोण? उत्तर द्यायला कोणी नसेल.

विहाराच्या भिंतीवर आपण धम्मचक्र आणि बोधिवृक्ष काढतो, ते योग्यच आहे. परंतु त्यांचा अर्थ मुलांना सांगितला नाही, तर ती केवळ शोभा उरेल.

म्हणून आमची विनंती एवढीच की, प्रत्येक विहारात एक वही ठेवावी. गावातील दिवंगत उपासक-उपासिकांची नावे, त्यांचे काम, त्यांनी सांगितलेल्या आठवणी तीत लिहाव्यात. आईचे, आजीचे नाव वगळू नये. लिहिता येणाऱ्या मुलामुलींना हे काम द्यावे. आणि वर्षातून एकदा त्यांना पवनी दाखवून आणावी.

दगड कोरायला पैसा लागतो. वहीला फार लागत नाही.