लडाखच्या वाटेवर
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यातील भाषण)



आपल्यापैकी आम्ही सातजण लडाखला जाऊन आलो, म्हणून त्या प्रवासाविषयी चार शब्द सांगण्याची मला आज्ञा झाली आहे.

आपले इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० फुटांवर, तर लेह सुमारे ११,५०० फुटांवर. दिल्लीहून विमान तिथे दीड-दोन तासांत नेऊन सोडते. पण शरीराला ही घाई मानवत नाही. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशच असतो, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी मिळतो. पहिले दोन दिवस नुसता विसावा घ्यावा, हा नियम आम्ही पाळला.

तिसऱ्या दिवशी सुमारे १७,६०० फूट उंचीच्या खारदुंगला खिंडीकडे निघालो. वाटेत आमच्यातले सर्वांत वडील, आबा, एकाएकी गप्प झाले. पुढे त्यांना उलटी झाली, उतरताना तोल जाऊ लागला. तेव्हा कळले, रात्रीपासूनच त्यांचे डोके ठणकत होते! "माझ्यापायी तुमचा विरस कशाला?" एवढेच ते म्हणाले.

आमच्या लडाखी ड्रायव्हरने कोणाला न विचारता गाडी वळवली. "खिंड काही पळून जात नाही," तो म्हणाला. खोटे कशाला सांगू? क्षणभर मला आबांपेक्षा हुकलेल्या खिंडीचेच वाईट वाटले. त्याची आजही लाज वाटते. लेहला प्राणवायू दिल्यावर आबांना उतार पडला. वेळीच खाली आणलेत हेच खरे औषध, असे डॉक्टरांनी सांगितले.

पुढे ठिकसेच्या मठात दोन मजले उंच मैत्रेय बुद्धाचे दर्शन घडले. वाटेत मंत्र कोरलेल्या दगडांच्या लांबच लांब भिंती लागतात. आपल्या प्रदक्षिणेप्रमाणेच लोक त्या उजव्या हाताला ठेवून जातात. तिथे आबा सावकाश पुढे चालले होते आणि आम्ही सहाजण त्यांच्या मागे.

आपणांपैकी कोणी तिकडे जाल, तर रोज सकाळी एकमेकांना विचारा : झोप लागली का? डोके दुखते का? ज्याचे दुखते, तो संकोचाने आपण होऊन सांगत नाही. शाळेच्या फीसाठी, औषधासाठी आपल्या न्यासाकडे येणाऱ्याचेही असेच असते. अगदी गळ्याशी आल्यावरच तो उंबरा चढतो. त्याची वाट न पाहता आपणच त्याच्या दारी जावे, एवढेच मी लडाखहून शिकून आलो.

आता आपली रजा घेतो.