ग्रस्तास्त

२५ ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबईहून खंडग्रास सूर्यग्रहण दिसले. चंद्राने बिंबाचा सुमारे २४ टक्के भाग झाकला. आणि ग्रहण लागल्यापासून १ तास १९ मिनिटांनी, ते सुटण्याआधीच, सूर्य मावळला. याला पंचांगात ग्रस्तास्त म्हणतात. मावळता सूर्य सौम्य भासतो, तिथेच माणूस फसतो. डोळ्याच्या पडद्याला वेदना नसते. दृष्टी अंधुक झाल्यावरच इजा उमगते. उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहे. भिंतीपासून दोन हातांवर उन्हात धान्याची चाळणी धरा. भोकागणिक एकेक खंडलेला सूर्य भिंतीवर उमटेल. २ ऑगस्ट २०२७ रोजी मुंबईत पुन्हा खंडग्रास ग्रहण आहे. पावसाने उघडीप दिली, तर दारे लावून बसू नका. सूर्याकडे पाठ करा आणि सूर्य पाहा!