छायाचित्राशेजारी मजुरीचा कागद



दारिद्र्याविषयी वर्गात बोलावयाचे झाले की आपण शिक्षक मंडळी व्याख्यान देतो. मुले ऐकून घेतात, काही हळहळतात. त्याऐवजी जुनी छायाचित्रे दाखवावीत, ही सूचना चांगली आहे. पण नुसती छायाचित्रे पुरेशी नाहीत, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

१८७६-७८ च्या दुष्काळात विलोबी वॉलेस हूपर या मद्रासच्या लष्करी अधिकाऱ्याने काढलेली छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. हाडांचे सापळे झालेली माणसे त्याने गटागटाने बसवून टिपली. ती पाहून मुलांना दया येईल, आणि पाऊस पडला नाही म्हणून माणसे मेली, असा निष्कर्ष ती काढतील. कॅमेऱ्याला बरगड्या दिसतात. सरकारी हुकूम दिसत नाही.

तो हुकूम सर रिचर्ड टेंपल यांचा. १८७३-७४ साली बिहारमध्ये याच गृहस्थांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून माणसे वाचविली होती आणि त्याबद्दल उधळेपणाचा ठपका पदरी घेतला होता. १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटनने त्यांना मद्रासेस धाडले, तेव्हा ते काटकसर पुरती शिकून गेले होते. दुष्काळी कामावरील पुरुषास दिवसाला एक पौंड धान्य व वर एक आणा, बाईला त्याहून कमी, हा दर त्यांनी ठरविला. देशातून धान्याची निर्यात मात्र चालूच होती. मुंबई इलाख्यात ही कपात येताच हजारो मजुरांनी कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची कैफियत सरकारपुढे मांडली. उपाशी माणसेही संप करतात, ही गोष्ट हूपरच्या चित्रांतून कोणाला कळणार?

तेव्हा वर्गात एक तराजू न्यावा. एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. तेवढी ज्वारी मुलांनीच तोलावी, तिच्या भाकरी किती होतात ते घरी विचारून यावे, आणि मग दिवसभर खडी फोडणाऱ्याचा हिशेब फळ्यावर मांडावा.

असे कागद आपल्या गावांतही सापडतील. १९७२ च्या दुष्काळी कामांचे हजेरीपट, सावकाराची गहाणखते, जुन्या शिधापत्रिका. मुलांनी ते मागून आणावेत, नक्कल करून परत द्यावेत; घरच्यांच्या संमतीवाचून कोणाचे नाव भिंतीवर लावू नये. हजेरीपटावरचा आंगठा कोणाचा आणि त्यापुढील आकडा कोणाच्या हातचा, येथून तासाला आरंभ करता येईल.