गेडिस यांचे इंदूर : घर, वाट आणि आरोग्यशास्त्रावरचा विश्वास



ज्या दिवंगत शिक्षकांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, ते भूगोल शिकवीत आणि नकाशापेक्षा पायांवर अधिक भिस्त ठेवीत, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. म्हणून आज मी अशा एका परदेशी माणसाविषयी बोलणार आहे, ज्याने आपले इंदूर पायी हिंडून पाहिले आणि त्यावर दोन खंडांचा अहवाल लिहिला. पॅट्रिक गेडिस हे त्यांचे नाव. त्यांचा अहवाल १९१८ साली होळकर दरबारला सादर झाला आणि येथल्याच संस्थानी छापखान्यात छापला गेला. मराठीच्या अध्यापकाने नगररचनेवर बोलावे, हा थोडा आगाऊपणाच आहे. परंतु मी हा अहवाल प्रथम वाचला तो उत्तम गद्य म्हणून, आणि वाचता वाचता ध्यानात आले की, त्याचा खरा विषय रस्ते किंवा गटारे हा नसून विश्वास हा आहे. लोक आरोग्यशास्त्रावर केव्हा विश्वास ठेवतात आणि केव्हा दार लावून घेतात, या प्रश्नाचे एक उत्तर त्यात आहे.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ चा, स्कॉटलंडमधल्या बॅलटर गावचा. मूळचे ते वनस्पतिशास्त्रज्ञ. लंडनला थॉमस हक्सले यांच्या हाताखाली शिकले. १८७९ मध्ये मेक्सिकोला संशोधनासाठी गेले असता काही काळ त्यांची दृष्टी गेली आणि सूक्ष्मदर्शकाचे काम त्यांना पुढे कमी करावे लागले. १८८८ पासून डंडी येथे ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. पण ते काम उन्हाळी सत्रापुरतेच असल्याने उरलेला काळ मोकळा असे. तो त्यांनी एडिंबरोच्या जुन्या भागात घालविला. १८८६ साली विवाह झाल्यावर पतिपत्नींनी सुखवस्तू वस्तीत घर न घेता जेम्स कोर्ट नावाच्या पडक्या, कोंदट चौकात बिऱ्हाड थाटले. तेथे राहून त्यांनी भिंतींना चुना दिला, खिडक्यांत फुलझाडे लावली, शेजाऱ्यांना हाताशी धरून एकेक इमारत दुरुस्त केली. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. घरांविषयी त्यांनी पुढे जे लिहिले, ते लिहिण्याचा अधिकार त्यांनी तेथे राहून मिळविला होता.

१९१४ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, ते हिंदुस्थानात यावयास निघाले. नगरांविषयीचे त्यांचे मोठे प्रदर्शन दुसऱ्या जहाजाने येत होते. ते जहाज ऑक्टोबर १९१४ मध्ये जर्मनांच्या 'एम्डेन' युद्धनौकेने बुडविले. आयुष्यभर जमविलेले नकाशे आणि चित्रे समुद्रात गेली. मित्रांनी घाईने नवी सामग्री जमवून पाठविली आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरलेही. त्यानंतर त्यांनी गावोगाव प्रवास केला. बडोद्याचा अहवाल १९१६ चा आहे. १९१७ मध्ये थोरला मुलगा फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला आणि त्याच वर्षी पत्नी ॲना हिंदुस्थानातच निवर्तल्या. इंदूरचे काम या दुःखाच्या छायेत झाले आहे. अहवालात त्याचा उल्लेख शोधूनही सापडत नाही.

आता त्या काळच्या इंदुरास कशाने ग्रासले होते, ते पाहिले पाहिजे. हाँगकाँगला १८९४ मध्ये पोहोचलेला प्लेग १८९६ साली मुंबईत उतरला आणि धान्याच्या पोत्यांबरोबर, आगगाडीच्या डब्यांतून देशभर पसरला. १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला. स्थानकांवर प्रवाशांना उतरवून तपासू लागले. पुण्यात गोरे सोल्जर घरांत शिरू लागले, माजघरापर्यंत, देवघरापर्यंत. पुढे रँडच्या खुनापर्यंत गोष्ट कशी गेली, हे शाळकरी मुलालाही माहीत आहे. त्याच पुण्यात, त्याच वर्षी, सावित्रीबाई फुले रोग्यांना आपल्या मुलाच्या दवाखान्यात पोहोचवीत होत्या आणि त्याच आजाराने १० मार्च १८९७ रोजी गेल्या. सरकारचे शास्त्र आणि सावित्रीबाईंचे शास्त्र यांत वैद्यकीय अंतर फारसे नव्हते. एक बूट घालून येत होते आणि दुसरे ओळखीच्या चेहऱ्याने, एवढाच भेद होता. आणि सारा भेद तोच होता.

लसीचेही तसेच. ओडेसाहून आलेल्या वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. आगाखानांनी आपल्या अनुयायांचे भय जावे म्हणून जाहीरपणे टोचून घेतले. असा पै पै करून जमविलेला विश्वास १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एका दिवसात उधळला गेला. एका दूषित बाटलीमुळे १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांच्यावरचा ठपका दूर होण्यास १९०७ साल उजाडावे लागले. दरम्यान शास्त्र पुढे गेलेले होते. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखविले होते. याचा अर्थ असा की, रोगाचे मूळ हवेत किंवा पापात नसून घरात होते : कणगीखालच्या बिळात, जमिनीच्या भेगांत, मागच्या बोळात साचलेल्या कचऱ्यात. तेव्हा घर सुधारल्याशिवाय प्लेग हटणार नव्हता आणि घरवाल्याचे मन वळल्याशिवाय घर सुधारणार नव्हते.

येथे गेडिस यांची सरकारी पद्धतीशी फारकत होते. मुंबईत १८९८ साली स्थापन झालेल्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद, सरळ रस्ते काढले. हवा खेळू लागली, हे खरे. पण पाडलेल्या चाळींतली माणसे कोठे गेली? शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोल्यांत. गर्दी मोडली नाही, सरकली. गेडिस यांचे म्हणणे असे की, घराला आणि कुटुंबाला पहिली गरज जागेची असते. जी सुधारणा तीच हिरावून घेते ती सुधारणा नव्हे. त्यांनी आपल्या पद्धतीला जे नाव दिले, त्याला मराठीत 'राखून केलेली शस्त्रक्रिया' म्हणता येईल. आधी निदान, मग उपचार. बोळ न बोळ पायी फिरावा, घर न घर नकाशावर मांडावे. जे पडलेच आहे, ते तेवढे काढावे. त्या रिकाम्या जागेत एखादे झाड लावावे, विहीर साफ करावी, पार बांधावा, मुलांना खेळावयास जागा ठेवावी. दोन बोळ एका लहान वाटेने जोडावेत. ज्याचे घर उभे आहे, त्याला हलवू नये. हे काम स्वस्त असते. मात्र त्याला वेळ लागतो आणि ते टेबलाशी बसून होत नाही. दक्षिणेतली मंदिरांची गावे पाहून त्यांना वाटले होते की, रथ ओढण्यासाठी रुंद राखलेले रस्ते ही या देशातली जुनी नगररचनाच आहे. लोकांनी भक्तीने राखलेली वाट आणि हुकमाने पाडलेली वाट यांतला फरक त्यांच्या मनात ठसला होता.

सर्वच बाबतींत त्यांचे पटते, असे नाही. पाण्याने मैला वाहून नेणाऱ्या भुयारी गटारांची योजना त्यांना अवाढव्य खर्चाची वाटे. मैल्याचे खत करून बागा फुलवाव्या, असे ते म्हणत. खेडेवजा शहराला ते चालले असते. लाखोंच्या वस्तीला चालणार नव्हते. पण घाण नदीत सोडून मोकळे होण्याला त्यांचा जो विरोध होता, तो आमच्या खान आणि सरस्वती या नद्यांकडे पाहिले की आजही पटतो. नाव 'कान्ह' असे केल्याने पाणी निवळत नाही.

आता दिवाळीच्या मिरवणुकीकडे येतो. हकिकत गेडिस यांनी पुढे स्वतः सांगितलेली आहे. इंदुरात ते फिरू लागले तेव्हा लोक त्यांच्याकडे संशयाने पाहत. हातात नकाशा घेतलेला साहेब म्हणजे घर पाडणारा, हा त्यांचा अनुभव होता. तेव्हा गेडिस यांनी महाराजांकडे, म्हणजे तिसऱ्या तुकोजीरावांकडे, एक दिवसापुरता कारभार मागितला. मग जाहीर झाले की, दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न जाता, ज्या वाटेवर सर्वांत अधिक घरे झाडून, दुरुस्त करून, रंगवून ठेवलेली असतील त्या वाटेने जाईल. घरातला कचरा फुकट उचलला जाईल, हेही कळविले. इंदुरात चुन्याची टंचाई पडली असेल तर मला नवल वाटणार नाही. गल्ल्यागल्ल्यांत चुरस लागली, हजारो गाड्या कचरा बाहेर गेला, उंदीर पकडले गेले.

मिरवणुकीत पुढे हत्ती, उंट, घोडदळ. मागून शेतीची समृद्धी. नंतर करुण वाद्यांसह पडक्या घरांचे देखावे आणि रोगांची सोंगे. मग रावण, त्याच्या जोडीला प्लेगचा प्रचंड उंदीर, अंगावर थरथरणाऱ्या पिसवांसह, आणि हिवतापाचा डास. त्यामागून शहराचे झाडूवाले, शुभ्र कपड्यांत, नव्या पागोट्यांनी, झाडूंना फुले बांधून. शेवटी नव्या घरांचे नमुने. तुळशीची रोपे वाटली गेली. रात्री रावणाबरोबर उंदीरही जाळण्यात आला. सिमाँ यांचा शोध निबंधात वाचणारे त्या काळी इंदुरात किती असतील? पण त्या रात्री पिसू, उंदीर आणि मोडके घर यांचा संबंध निरक्षर म्हातारीलाही कळला, आणि तो कळविण्यासाठी कोणी तिच्या माजघरात शिरले नव्हते.

या कथेला भाळून जाणे सोपे आहे. प्लेग ऋतुमानाप्रमाणे ओसरतोच. त्या वर्षीच्या उताराचे सारे श्रेय मिरवणुकीला देणे योग्य नव्हे. झाडूवाल्यांना एक दिवस फुले मिळाली. त्यांच्या वस्तीला पाणी किती मिळाले, हा प्रश्न उरतोच. सारा खेळ राजाच्या मर्जीवर उभा होता. आणि अहवाल छापला गेला त्याच १९१८ साली इन्फ्लुएंझा आला, ज्याला उंदीरही लागत नव्हता आणि पिसूही. तथापि लोकांचा अविश्वास हे अज्ञान नसून पूर्वानुभवाचे फळ असते, हे गेडिस यांनी ओळखले आणि त्यांना दोष देण्याआधी स्वतःची चाल बदलली. एवढ्यासाठी मी त्यांना मोठे मानतो.

आपल्याला हे जुने वाटू नये. १ एप्रिल २०२० रोजी, कोरोनाच्या साथीत, आपल्याच शहरातल्या टाटपट्टी बाखल या वस्तीत तपासणीस गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. दोन महिला डॉक्टर जखमी झाल्या. अफवा पसरल्या होत्या, भीती होती. दगड मारणे हा अपराधच, त्याचे समर्थन नाही. पण त्या डॉक्टर लवकरच पुन्हा त्याच वस्तीत कामाला गेल्या आणि वस्तीतल्या लोकांनी क्षमाही मागितली. साथीच्या इतिहासात मला या दोन्ही गोष्टी दगडांहून महत्त्वाच्या वाटतात. इंदूर २०१७ पासून स्वच्छता सर्वेक्षणात सलग सात वेळा पहिले आले, २०२३ च्या सर्वेक्षणात सुरतेच्या जोडीने. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करण्याची सवय लाखो गृहिणींनी लावून घेतली; ते हुकमाने झालेले नाही, दाराशी येणाऱ्या गाडीवर विश्वास बसल्याने झाले. याच शहरात रस्तारुंदीसाठी जुन्या घरांचे ओटे आणि दर्शनी भाग कापले गेले आहेत. आपण मराठी मंडळी येथे होळकरांच्या मागोमाग आलेली, एका अर्थी परदेशीच. पण जुन्या वाड्यांत आपली पाचसहा पिढ्यांची मुळे आहेत. अर्धा वाडा कापलेल्या घरातल्या वृद्धेने उद्या दारी आलेल्या परिचारिकेवर विश्वास कोणत्या आधाराने ठेवावा?

म्हणून शाळेच्या चालकांपुढे एक सूचना ठेवतो. गेडिस यांच्या अहवालातले जुन्या शहराविषयीचे भाग मराठीत आणि हिंदीत उतरवून शाळेच्या ग्रंथालयात ठेवावेत. नववीच्या मुलामुलींनी दर वर्षी एक जुनी गल्ली निवडून तिची पाहणी करावी : घरे किती, एका खोलीत माणसे किती, विहिरी आणि झाडे किती, नळाला पाणी केव्हा येते, आजारी पडल्यावर लोक प्रथम कोणाकडे जातात आणि का. वही भरल्यावर ती आधी त्या गल्लीतल्या लोकांना वाचून दाखवावी, मग महापालिकेला द्यावी. पहिल्या वर्षी राजवाड्याच्या आसपासची एखादी गल्ली पुरे. अहवालातल्या मजकुराच्या भाषांतराचे काम मी करीन आणि मुलांबरोबर, गुडघे साथ देतील तोवर, चालेनही.