पत्राचे बळ



आजचा विषय ऐकून काही मंडळींना किंचित हसू आले असेल. परमुलखात अन्यायाने डांबलेल्या माणसासाठी आपण घरी बसून चार ओळी लिहाव्यात, एवढाच तो विषय. बंदूक ज्यांच्या हाती, त्यांना कागदाचे काय भय? हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याचाच आमचा प्रयत्न आहे.

२८ मे १९६१ रोजी लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' पत्रात पीटर बेनेन्सन या वकिलाचा लेख प्रसिद्ध झाला. मतांपायी वा श्रद्धेपायी बंदिवास भोगणाऱ्यांची ती कैफियत होती. त्यांत रुमानियातील तत्त्वज्ञ नोइका होते, तसेच अंगोलातील डॉक्टर व कवी आगोश्तिन्यू नेटोही होते. त्या लेखातून 'अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल' ही संस्था उभी राहिली. गावोगावच्या मंडळांनी तीन तीन बंदी आपले मानले: एक पाश्चात्त्य राष्ट्रातला, एक कम्युनिस्ट राष्ट्रातला आणि एक या दोहोंबाहेरचा. मग त्या त्या सरकारांना पत्रे जाऊ लागली.

आता ही पत्रे करतात काय? ती तुरुंगाची भिंत पाडीत नाहीत. पण छळ करणाऱ्याचे खरे शस्त्र चाबूक नव्हे, विस्मृती आहे. या माणसाची वास्तपुस्त कोणी करणार नाही, या भरवशावर त्याचा हात उठतो. पत्रांचा गठ्ठा टेबलावर पडला, की तो भरवसा डळमळतो. मार्च १९७३ मध्ये ब्राझीलचे प्राध्यापक लुईझ रॉसी यांच्यासाठी संस्थेने पहिली तातडीची हाक दिली. आपले प्रकरण बाहेर फुटले, आता आपणांस मारणे त्यांना जमणार नाही, हे आपण ओळखले आणि पुढे जाच कमी झाला, असे रॉसींनी मागाहून सांगितले. प्रत्येक वेळी असे घडते असे मात्र नाही. कित्येक पत्रे निष्फळ जातात. परंतु न लिहिलेले पत्र तर हटकून निष्फळ जाते!

'परक्यांची उठाठेव आपण का करावी?' असेही कोणी विचारील. ज्या सालाझारशाहीने नेटोंना डांबले, तिचीच कोठडी आपल्या माणसांनीही भोगली आहे. १९५५ साली पकडलेले मोहन रानडे गोवा मुक्त झाल्यावरही सुटले नाहीत. १९६९ च्या जानेवारीपर्यंत ते पोर्तुगालच्या तुरुंगात होते. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांच्यासारखी माणसे येथे खपली. दूरच्या बंद्याची आठवण जागती ठेवणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राला निराळे शिकवायला नको.

येथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. नेटो १९७५ साली स्वतंत्र अंगोलाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. मे १९७७ मध्ये त्यांच्याविरुद्ध उठाव झाला, आणि तो मोडताना त्यांच्याच राजवटीत असंख्य माणसे न्यायचौकशीवाचून मारली गेली. कालचा बंदी आज तुरुंगाचा धनी झाला. म्हणून पत्र लिहिणाऱ्याने कोणाचा पक्ष घ्यायचा नसतो. काल ज्याच्यासाठी लिहिले, त्यालाच आज खडसावण्याची त्याची तयारी हवी. जो केवळ आपल्या मताच्या बंद्यांसाठी लिहितो, तो आपल्या पक्षाचे काम करतो, न्यायाचे नव्हे.

लिहिण्याची रीत साधी आहे. माहिती आधी पारखून घ्यावी. पत्र थोडके असावे, भाषा सभ्य असावी. बंद्याचे नाव आणि आपली मागणी स्पष्ट लिहावी: वकील भेटू द्या, उघड न्यायालयात चौकशी करा, नाहीतर सोडा. शिव्याशाप नकोत, उद्धट पत्र केराच्या टोपलीत टाकायला अधिकाऱ्याला आयतेच निमित्त मिळते. आणि बंद्याला थेट लिहायचे, तर त्याने तो अधिक अडचणीत येणार नाही ना, हे आधी पाहावे.

श्रोतेहो, आपण टाळ्या वाजवून घरी जाल, ती रीतच आहे. परंतु या आठवड्यात आपल्यापैकी दहा जणांनी एकेक पत्र टपालात टाकले, तर हे व्याख्यान कारणी लागले असे आम्ही समजू.